पासवर्ड बरोबर, तरी फोन म्हणतो चुकीचा: मोबाइलसाठी सर्टिफिकेट तयार करताना वारंवार येणारी अडचण

लक्षण दर वेळी तेच असतं. नेटवर्कला फोनची ओळख पटवणाऱ्या जुन्या सर्टिफिकेटची मुदत संपत आली म्हणून तुम्ही नवी पी१२ फाइल (सर्टिफिकेट आणि त्याची की एकत्र ठेवणारी पासवर्डबंद फाइल) तयार करता, लोकांच्या हाती देता, आणि थोड्या वेळात फोन सुरू होतात: "सर, पासवर्ड घेत नाहीये." तुम्ही पासवर्ड पुन्हा सांगता, एकेक अक्षर सुटं करून सांगता, मोठी लिपी कुठे आणि छोटी कुठे तेही सांगता. समोरचा माणूस नीट टाइप करतो. अँड्रॉइड तीच चौकट परत पुढे करतो, पासवर्ड चुकीचा. आणि तीच फाइल, तोच पासवर्ड, तुमच्या लॅपटॉपवर पहिल्या फटक्यात उघडतो.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचं नेटवर्क सांभाळतो. आमच्याकडे कर्मचाऱ्यांचं वाय-फाय ईएपी-टीएलएसवर, म्हणजे सर्टिफिकेटने ओळख पटवण्याच्या पद्धतीवर, चालतं. प्रत्येक फोनला स्वतःचं सर्टिफिकेट, नेटवर्कचा सामायिक पासवर्ड नाही, त्यामुळे कुणी नोकरी सोडून गेलं तर त्याचं एक सर्टिफिकेट रद्द केलं की काम झालं. पद्धत उत्तम आहे. पण फोनमध्ये सर्टिफिकेट चढवण्याच्या टप्प्यावर लोक अडकतात, आणि हेच काम करणारी इतर महाविद्यालयांतली, पतसंस्थांतली, कारखान्यांतली मंडळीही मला हाच प्रश्न विचारतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी एक सांगतो. फोन "पासवर्ड चुकीचा" म्हणाला तर पासवर्डवर संशय सर्वांत शेवटी घ्या. अँड्रॉइडचा सर्टिफिकेट चढवणारा भाग पी१२ उघडायला जातो, आणि उघडताना काहीही बिघडलं, फाइल अर्धवट असो, कूटलेखनाची पद्धत ओळखीची नसो किंवा आतली रचना वेगळी असो, तो निष्कर्ष एकच काढतो: पासवर्ड जुळला नाही. त्याच्याकडे दुसरं वाक्यच नाही. मॅकवरचं कीचेन, म्हणजे पासवर्ड आणि सर्टिफिकेटं साठवणारी सोय, थोडं अधिक बोलतं. "मॅक व्हेरिफिकेशन फेल्ड" असं सांगून पुढे "राँग पासवर्ड?" असा प्रश्न विचारतं. तिथला 'मॅक' म्हणजे ॲपलचा संगणक नव्हे, फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे तपासणारा कोड. खरी खूण तिथेच आहे.

मूळ कारण: ओपनएसएसएल ३

पी१२ ही फाइल कुलूपबंद डब्यासारखी असते. आत प्रायव्हेट की (ज्याची त्यानेच जपायची गुप्त की), सर्टिफिकेट आणि बहुतेक वेळा वरच्या साखळीतली, म्हणजे त्यावर सही करणाऱ्यांची सर्टिफिकेटं; साखळीत सगळ्यात वर असतं त्याला रूट म्हणतात. डब्याला कोणत्या पद्धतीचं कुलूप लावायचं हे डबा बनवणारं साधन ठरवतं. वर्षानुवर्षं ओपनएसएसएल, म्हणजे सर्टिफिकेटं आणि पी१२ बनवायचं नेहमीचं साधन, सर्टिफिकेटांना ४० बिटांचं आरसी२, कीला ट्रिपल डेस आणि तपासणीच्या कोडला शा-१ वापरत आलं. सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० आलं आणि ही ठरलेली पद्धत बदलली. आता सगळ्याला एईएस-२५६, पासवर्डपासून की तयार करायला पीबीकेडीएफ२ आणि तपासणीला शा-२५६. बदल योग्यच होता. ४० बिटांचं आरसी२ आज कुणी गंभीरपणे वापरावं असं काही नाही. पण जुन्या अँड्रॉइडना, जुन्या आयफोनना आणि जुन्या मॅकना हे नवं कुलूप उघडता येत नाही.

म्हणून ही अडचण एका ठरावीक क्षणी उगवते. तुमचा सर्व्हर उबुंटू २०.०४ वर होता तोवर त्यात ओपनएसएसएल १.१.१ होतं. तो तुम्ही २२.०४ वर नेलात आणि ३.० आलं. सर्टिफिकेट बनवणारी स्क्रिप्ट तीच, आज्ञा तीच, एक अक्षर बदललेलं नाही, तरी बाहेर पडणारी फाइल वेगळी. सर्व्हर बदलून सहा-आठ महिने झालेले असतात आणि सर्टिफिकेटचं नूतनीकरण आत्ता येतं, त्यामुळे या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. आणि ज्यांचे फोन नवे त्यांचं सुरळीत चढतं, जुन्यांचं अडतं, म्हणून दोष त्या माणसाच्या टायपिंगवर जातो. शिपाई, ग्रंथालयातले मदतनीस, प्रयोगशाळेतले सहायक यांच्याकडे बहुधा जुने फोन असतात. त्यांना दहादा पासवर्ड टाकायला लावून "तुम्हाला जमत नाही" असं म्हणणं चूक तर आहेच, अन्यायकारकही आहे.

तपासायचं कसं? फाइल फोनवर पाठवण्याआधी ओपनएसएसएलच्या 'पीकेसीएस१२' आज्ञेला ती द्या, सोबत 'इन्फो' आणि 'नोआउट' हे दोन पर्याय. की किंवा सर्टिफिकेट न छापता ते फक्त कुलपाची माहिती दाखवतं. पहिल्या ओळीत 'मॅक: शा२५६, इटरेशन २०४८' आणि खाली 'पीबीईएस२, पीबीकेडीएफ२, एईएस-२५६-सीबीसी' दिसलं तर ती नव्या पद्धतीची फाइल. 'मॅक: शा१' आणि पुढे 'ट्रिपलडेस' किंवा '४०बिटआरसी२' अशी लांबलचक नावं दिसली तर जुन्या पद्धतीची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण त्याने पुढचे दोन दिवस वाचतात.

उपाय दोन आहेत. पहिला, एक्सपोर्ट करताना 'लेगसी' हा पर्याय जोडा. मग ओपनएसएसएल ३ जुन्या पद्धतीने बांधतं. त्यासाठी त्याचा लेगसी नावाचा वेगळा भाग बसवलेला असावा लागतो, आणि काही कापून-छाटून बनवलेल्या कंटेनरमध्ये तो नसतो. तिथे आज्ञा थेट नकार देते.

दुसरा उपाय मला जास्त पटतो. 'लेगसी' न वापरता तीन गोष्टी स्वतः ठरवून द्यायच्या: 'कीपीबीई' आणि 'सर्टपीबीई' या दोन्हींना 'पीबीई-शा१-३डेस', आणि 'मॅकएएलजी'ला 'शा१'. यात आरसी२ अजिबात येत नाही, लेगसी भाग लागत नाही, आणि जुने फोनही फाइल उघडतात. आमच्या स्क्रिप्टमध्ये मी हेच कायमचं लिहून ठेवलंय.

विंडोजवरून सर्टिफिकेट बाहेर काढत असाल तर एक्सपोर्टच्या खिडकीत पासवर्डच्या खालीच कूटलेखनाची निवड असते: ट्रिपलडेस-शा१ की एईएस२५६-शा२५६. जुन्या फोनसाठी पहिली निवडा. मॅकवर काम करत असाल तर लक्षात घ्या, त्यात मुळात येतं ते ओपनएसएसएल नसून लिब्रेएसएसएल, आणि 'लेगसी' हा पर्याय त्याला ठाऊकच नाही. वेगळं बसवलेलं ओपनएसएसएल ३ चालतंय की मूळचं, हे आवृत्ती विचारून आधी बघा. "माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे नाही" हा वाद निम्म्या वेळा इथेच मिटतो.

उलटी अडचणही येते. २०१९ साली बनवलेली जुनी पी१२ नव्या सर्व्हरवर उघडायला गेलात की 'अनसपोर्टेड' आणि 'आरसी२-४०-सीबीसी' असा मजकूर येतो. फाइल खराब झालेली नाही. उघडताना 'लेगसी' द्या, उघडेल.

आता एक गोष्ट मनावर घ्याच. जुन्या पद्धतीचं कुलूप कच्चं आहे. ते लावायचं तर फाइलचा प्रवास सुरक्षित हवा. पी१२ आणि तिचा पासवर्ड दोन्ही व्हॉट्सॲपच्या एकाच गटात टाकणं म्हणजे त्या माणसाची प्रायव्हेट की सगळ्यांना वाटणं. की ज्याची त्याच्याच हाती जाऊ द्या, केबल लावून, किंवा एकदाच उघडणाऱ्या अंतर्गत दुव्यावरून, आणि पासवर्ड समोर उभं राहून सांगा. चढवून झालं की डाउनलोडच्या फोल्डरमधली फाइल तिथल्या तिथे पुसायला लावा. फोन नवे असतील तर एईएसचीच फाइल द्या.

डबा भरतानाच्या बाकी चुका

कुलूप ठीक असूनही अडत असेल तर आत काय आहे ते बघा.

की आणि सर्टिफिकेट एकमेकांचे नसतात, हे बऱ्याचदा घडतं. सर्टिफिकेटसाठी दोन वेळा विनंती तयार केली, दुसरीची की उरली आणि पहिलीचं सर्टिफिकेट आलं. ओपनएसएसएल एक्सपोर्टच्या वेळीच तक्रार करतं, पण स्क्रिप्टमध्ये ती तक्रार गिळली जाते आणि शून्य आकाराची फाइल पुढे जाते. तीही फोनवर "पासवर्ड चुकीचा" म्हणूनच दिसते. दोन्हींतून पब्लिक की काढून ताडून बघा.

पासवर्डात देवनागरी, रुपयाचं चिन्ह, वळणदार अवतरणचिन्हं नकोत. वेगवेगळी साधनं ती वेगवेगळ्या प्रकारे साठवतात. पासवर्ड रिकामाही ठेवू नका, कारण रिकाम्या पासवर्डबाबत साधनांचं आपसात जमत नाही. संदेशातून चिकटवलेल्या पासवर्डच्या शेवटी एक मोकळी जागा येते, तीही मोजली जाते. साधी रोमन अक्षरं आणि अंक, पण लांब, हे सर्वांत बरं.

कीचा प्रकार आरएसए २०४८ किंवा पी-२५६ ठेवा. नव्या तंत्राच्या हौसेने ईडी२५५१९ घेतलंत तर फोन साथ देणार नाहीत. आणि फोनच्या सर्टिफिकेटवर क्लायंट म्हणून ओळख पटवण्याचा हेतू नोंदलेला हवा. सर्व्हरचा हेतू असलेलं सर्टिफिकेट फोनमध्ये चढतं, यादीत दिसतं, पण सर्व्हर ते नाकारतो. याच कारणाने सर्टिफिकेट देणाऱ्या सार्वजनिक संस्थांकडून फोनसाठी सर्टिफिकेट घेण्याच्या मागे लागू नका. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने क्लायंट-ओळखीचा हेतू आपल्या सर्टिफिकेटांतून काढायचं २०२५ मध्येच जाहीर केलं. या कामाला घरचंच, म्हणजे आपण स्वतः बनवलेलं, रूट लागतं.

अँड्रॉइड: फाइल बरोबर, जागा चुकली

अँड्रॉइड ११ पासून सर्टिफिकेट चढवण्याच्या तीन वेगळ्या वाटा आहेत: 'सीए सर्टिफिकेट' (सीए म्हणजे सर्टिफिकेट देणारी संस्था), 'व्हीपीएन अँड ॲप युजर सर्टिफिकेट' आणि 'वाय-फाय सर्टिफिकेट'. मेनू प्रत्येक कंपनीच्या फोनवर वेगळ्या ठिकाणी लपलेला असतो, म्हणून लोकांना मार्ग सांगत बसू नका. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'सर्टिफिकेट' किंवा 'क्रेडेन्शियल' लिहायला सांगा.

रूट सर्टिफिकेट दुसऱ्या वाटेने चढवायला गेलं की फोन म्हणतो, सर्टिफिकेट बसवायला प्रायव्हेट की हवी. हा संदेश वाचून काही जण खरंच रूटची प्रायव्हेट की द्यायला निघतात. ती कधीही, कुणालाही, कुठल्याही फोनमध्ये देऊ नका. रूटची की बाहेर गेली तर सगळी मांडणी पुन्हा उभी करावी लागते. फोनला एवढंच म्हणायचं असतं की तुम्ही चुकीच्या वाटेने आलात.

पी१२ 'व्हीपीएन अँड ॲप' खाली चढवली तर वाय-फाय जोडताना ती यादीत दिसत नाही. दोन्ही साठे वेगळे आहेत. माणूस शपथेवर सांगतो की सर्टिफिकेट चढलंय, आणि तो खरंच सांगत असतो. वाय-फायसाठी 'वाय-फाय सर्टिफिकेट' याच वाटेने चढवा, रूटसुद्धा. रूट 'सीए सर्टिफिकेट' म्हणून चढवलं तर वर "नेटवर्कवर नजर ठेवली जाऊ शकते" अशी सूचना कायम दिसत राहते आणि लोक धास्तावतात. त्यांची धास्ती रास्त आहे, तिच्याकडे पुढे येतो.

स्क्रीन लॉक नसेल तर अँड्रॉइड सर्टिफिकेट ठेवूनच घेत नाही, आणि जुन्या आवृत्त्यांत लॉक काढलं की साठवलेलं सगळं पुसलं जातं. "काल चालत होतं, आज गायब" अशी तक्रार आली तर आधी हेच विचारा.

आता वाय-फायची जोडणी. ईएपी-टीएलएस निवडल्यावर अँड्रॉइड रूट कोणतं ते विचारतो, आपलं सर्टिफिकेट कोणतं ते विचारतो, आणि 'डोमेन' विचारतो. या डोमेनवर सगळे थबकतात. इथे संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता नको. रेडियस सर्व्हरच्या, म्हणजे वाय-फायवर येणाऱ्याची ओळख तपासणाऱ्या सर्व्हरच्या, सर्टिफिकेटमधलं पर्यायी नावांच्या रकान्यातलं नाव, किंवा त्याचा शेवटचा भाग, इथे लिहायचा. सर्व्हरच्या सर्टिफिकेटमध्ये ते नावच नसेल तर फोनवर कितीही खटपट करा, जुळणार नाही. नवं सर्टिफिकेट काढा.

पूर्वी इथे 'डू नॉट व्हॅलिडेट' असा पर्याय असायचा आणि अर्धा देश तोच निवडायचा. अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अद्ययावतापासून पिक्सेल फोनवरून तो गेला आणि मग हळूहळू बाकीच्यांवरूनही. त्याच नावाचा पर्याय अजून 'ऑनलाइन सर्टिफिकेट स्टेटस' या रकान्यात दिसतो, पण तो रद्द झालेल्या सर्टिफिकेटांच्या तपासणीचा आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. जुना पर्याय गेला ते चांगलंच झालं. पडताळणी न करणारा फोन समोर येईल त्या सर्व्हरला आपला मानतो, मग तो रस्त्यापलीकडे गाडीत बसून कुणी उभा केलेला का असेना. नाव आणि पासवर्डवर चालणाऱ्या नेटवर्कमध्ये अशाने लोकांचे पासवर्ड चोरीला गेलेत. जुन्या फोनवर तो पर्याय अजून दिसत असेल तर कृपा करून तो कुणाला सुचवू नका. तुमची संस्था एड्युरोममध्ये, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या सामायिक वाय-फाय जाळ्यात, असेल, जे भारतात ईआरनेट इंडिया चालवतं, तर त्यांचं फोनसाठीचं जोडणी-साधन रूट आणि डोमेन दोन्ही आपोआप भरतं. हाताने भरण्यापेक्षा ते वापरा.

आयफोन

आयफोनवर पासवर्डची कटकट कमी आणि टप्पे विसरण्याची जास्त. आयओएस १२.२ पासून फाइल उघडली की ती फक्त 'डाउनलोड' होते. ती बसवायला सेटिंग्जमध्ये स्वतः जावं लागतं, आणि आठ मिनिटांत गेलं नाही तर फोन ती टाकून देतो. माणूस फाइल उघडतो, चहाला जातो, परत येऊन सेटिंग्जमध्ये काहीच दिसत नाही म्हणतो. समोर बसवूनच करून घ्या.

दुसरी खोच रूटची. आयओएस १०.३ पासून हाताने चढवलेलं रूट फोनमध्ये असतं, पण संकेतस्थळांसाठी त्यावर विश्वास चालू नसतो. सेटिंग्ज, जनरल, अबाउट आणि अगदी तळाशी 'सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज' इथे जाऊन ते बटण चालू करावं लागतं. संस्थेच्या व्यवस्थापन प्रणालीतून किंवा ॲपल कॉन्फिगरेटर या ॲपलच्याच साधनाने चढवलेल्या रूटला हे लागत नाही.

तिसरी गोष्ट आयओएस १३ च्या नियमांची. सर्व्हरच्या सर्टिफिकेटला किमान २०४८ बिटांची आरएसए की, शा-२ कुळातली सही, आणि नाव पर्यायी नावांच्या रकान्यात हवं, नुसतं कॉमन नेममध्ये चालत नाही. १ जुलै २०१९ नंतर काढलेलं असेल तर सर्व्हरचा हेतू नोंदलेला आणि मुदत ८२५ दिवसांच्या आत. घरच्या रूटखाली दहा वर्षांचं सर्व्हर सर्टिफिकेट काढून निर्धास्त झालेल्यांना आयफोन इथे अडवतो. रूट दहा वर्षांचं चालतं, सर्व्हरचं नाही. वाय-फायच्या सर्व्हरलाही मी याच मर्यादेत ठेवतो.

आणि आयफोनमध्ये चढवलेलं ओळखीचं सर्टिफिकेट वाय-फाय, सफारी, मेल यांना वापरता येतं, बाहेरच्या ॲपला नाही. एखाद्या कंपनीच्या व्हीपीएन ॲपला ते दिसत नसेल तर बिघाड शोधू नका. त्या ॲपमध्येच ते वेगळं द्यावं लागतं.

दहापेक्षा जास्त आयफोन असतील तर ॲपल कॉन्फिगरेटरने एकच प्रोफाइल (सगळ्या सेटिंग्जची एक फाइल) बनवा. त्यात रूट, वाय-फायचं नाव आणि सर्व्हरचं विश्वासू नाव घाला. असं प्रोफाइल नसलेला आयफोन सर्व्हरचं नेमकं तेच सर्टिफिकेट लक्षात ठेवतो, आणि ते बदललं की "विश्वास ठेवू का?" असं विचारतो. प्रोफाइल असेल तर तो रूट आणि नाव बघतो, मग नूतनीकरण झाल्याचं लोकांना कळतही नाही.

संगणकावर पान उघडतं, फोनच्या ॲपमध्ये नाही

इथे दोष फोनचा नसतो. सर्व्हरने स्वतःचं सर्टिफिकेट पाठवलं, पण त्याच्या आणि रूटच्या मधलं इंटरमीडिएट पाठवलं नाही. संगणकावरचे ब्राउझर ते मधलं सर्टिफिकेट आधी कुठेतरी पाहिलेलं असतं म्हणून, किंवा शोधून आणून, साखळी पूर्ण करतात. अँड्रॉइडवरची ॲप तसं करत नाहीत. सर्व्हरवर पूर्ण साखळीची फाइल लावा, आधी सर्व्हरचं, मग मधलं. रूट पाठवायची गरज नाही.

ॲप घरच्या रूटला मानतच नसेल तर कारण वेगळं. अँड्रॉइड ७ पासून नव्या ॲप वापरकर्त्याने चढवलेल्या रूटवर आपोआप विश्वास ठेवत नाहीत. ॲप बनवणाऱ्यानेच तशी परवानगी लिहावी लागते. ती नसेल तर तुमच्या हाती काही नाही, ॲपच्या मालकाला सांगा.

खूप जुना फोन आणि सार्वजनिक संकेतस्थळ असा मामला असेल तर फोनमधली रूटची यादीच शिळी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट ज्याच्या आधारावर उभं होतं ते जुनं रूट संपलं. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांत त्यांचं नवं रूट नाही. अँड्रॉइड १४ पासून ही यादी गूगल प्लेमधून अद्ययावत होऊ शकते, त्याआधी ती फोनच्या पूर्ण अद्ययावतासोबतच बदलायची.

दर काही दिवसांनी सगळे एकदम का पडतात

फ्रीरेडियस, म्हणजे मोफत मिणारा रेडियस सर्व्हर, बसवल्यावर त्याच्यासोबत सर्टिफिकेट बनवायची तयार मांडणी येते. ती चाचणीपुरती आहे, तसं तिथे लिहिलेलंही आहे. तिच्यात मुदत ६० दिवस आणि पासवर्ड 'व्हॉटएव्हर' असतो. कुणीतरी ती तशीच चालू ठेवतो, दोन महिन्यांनी सगळे फोन एका सकाळी तुटतात, पुन्हा तीच आज्ञा चालवली जाते, नवं रूट बनतं, प्रत्येक फोनवर ते पुन्हा चढवावं लागतं. हे चक्र थांबवायचं तर मांडणीतल्या फाइलींत मुदत आणि पासवर्ड आधी बदला आणि रूट एकदाच, लांब मुदतीचं काढा. पुढे फक्त सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याच रूटखाली, त्याच नावाने बदलत जा.

सगळं वैध असूनही सगळे पडले तर रद्द सर्टिफिकेटांची यादी, म्हणजे सीआरएल, बघा. तिलाही मुदत असते. सर्व्हरवर तिची तपासणी चालू असेल आणि यादी शिळी झाली असेल तर तो प्रत्येकाला नाकारतो, ज्यांचं सर्टिफिकेट आजच काढलंय त्यांनाही. नवी यादी ठेवा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा.

एकटाच फोन पडला तर तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेला, सिम नसलेला फोन चुकीच्या वर्षात जागा होतो. नेट मिळाल्याशिवाय त्याला वेळ कळत नाही आणि वेळ बरोबर असल्याशिवाय आपलं नेटवर्क त्याला आत घेत नाही. तारीख हाताने लावा.

संकेतस्थळांच्या सार्वजनिक सर्टिफिकेटांची मुदत आता भराभर आखडतेय. सप्टेंबर २०२० पासून ती ३९८ दिवस होती. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या एप्रिल २०२५ च्या ठरावानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस होते. रेडियस सर्व्हरला सार्वजनिक सर्टिफिकेट लावलं असेल तर ते इतक्या वेळा कसं बदलायचं याचा विचार आत्ताच करा.

डीएससीचा टोकन फोनमध्ये?

हा प्रश्न कंत्राटदार आणि चार्टर्ड अकाउंटंट मंडळी हमखास विचारतात. महाटेंडर्सवर निविदा भरायला किंवा कंपनी कामकाज मंत्रालयाच्या कामांना जी क्लास ३ डिजिटल सही (डीएससी) लागते, तिची प्रायव्हेट की यूएसबी टोकनच्या आतच तयार होते आणि बाहेर काढता येत नाही. ती पी१२ करून फोनमध्ये टाकता येणार नाही. तसं करून देतो म्हणणाऱ्याला टोकन आणि पिन देऊ नका. त्या सहीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली तुमच्या हाताच्या सहीसारखं वजन आहे.

रूट चढवायला सांगताना

आधी धास्तीची गोष्ट अर्धवट सोडली होती. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं की राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या नावावरच्या मधल्या सर्टिफिकेटांखाली गूगलच्या काही डोमेनसाठी अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली आहेत. वरचं रूट सीसीएचं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर देखरेख करणाऱ्या भारत सरकारच्या कार्यालयाचं, होतं. विंडोजच्या यादीत ते होतं म्हणून विंडोजवाल्यांना धोका होता. अँड्रॉइड आणि आयओएसच्या यादीत ते नव्हतं, म्हणून ते वाचले. एखादं रूट मानणं म्हणजे त्याखाली निघणाऱ्या प्रत्येक सर्टिफिकेटला मानणं. तुम्ही कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या पैशांच्या फोनमध्ये संस्थेचं रूट 'सीए सर्टिफिकेट' म्हणून घालता तेव्हा त्या माणसाचे बँकेचे व्यवहारही त्याच फोनवर चालतात. म्हणून रूट 'वाय-फाय'पुरतंच चढवा, ते कशासाठी आहे हे मराठीत, साध्या शब्दांत लिहून द्या, आणि नोकरी सोडणाऱ्याच्या फोनमधून ते काढून द्या.

तरीही जुळत नसेल तर

फोनच्या पडद्यावरून पुढे काही कळणार नाही, सर्व्हरकडे जा. फ्रीरेडियस बंद करून तपासणीच्या रीतीने, म्हणजे मोठ्या 'एक्स' पर्यायासह, हाताने सुरू करा आणि त्या एका फोनवरून जोडा. शेकडो ओळी सरकतील, त्यातली 'टीएलएस अलर्ट' असलेली ओळ शोधा.

त्या ओळीत 'रीड' आणि 'अननोन सीए' असेल तर ती तक्रार सर्व्हरने वाचली, म्हणजे फोनने पाठवली. फोन सर्व्हरला ओळखत नाही: फोनमध्ये रूट चढलेलं नाही, चुकीच्या साठ्यात चढलंय, किंवा सर्व्हर मधलं सर्टिफिकेट पाठवत नाही. 'राइट' आणि 'अननोन सीए' असेल तर तक्रार सर्व्हरची आहे. फोनचं सर्टिफिकेट ज्या रूटखाली निघालं ते सर्व्हरच्या मांडणीत नाही, बहुधा जुनंच रूट तिथे राहिलंय. 'राइट' आणि 'एक्स्पायर्ड' म्हणजे फोनचं सर्टिफिकेट संपलं किंवा सीआरएल संपली, ओळीच्या थोडं वर कारण लिहिलेलं असतं. आणि अलर्टच नसेल, संवाद मध्येच थांबून वेळ संपत असेल, तर फोन बहुतेक डोमेनच्या रकान्यावर अडलाय किंवा मोठे पॅकेट वाटेत अडकताहेत. आधी डोमेन पुन्हा लिहून बघा, मग रेडियसच्या मांडणीत 'फ्रॅगमेंट साइझ' १०२४ पर्यंत उतरवा.

मदत मागायला लिहाल तेव्हा ही अलर्टची ओळ, फोनची अँड्रॉइड किंवा आयओएस आवृत्ती आणि पी१२ च्या 'इन्फो'च्या पहिल्या तीन ओळी पाठवा. पी१२ फाइल पाठवू नका, पासवर्डही नाही.